पिल्लाची आंघोळ

माझ्या सासूबाईंनी अर्ध्या केडगावला न्हाऊ घातलं आहे. यात अतिशयोक्ती असली तर थोडीच. आमच्या आसपासच्या गल्ल्यांतून आज जी पोरं मोटरसायकली उडवत फिरतात, त्यांतली निम्मी कधीकाळी त्यांच्या हातून तेल चोळून, डाळीच्या पिठानं पुसून, ओवा-वावडिंगाची धुरी घेऊन गाढ झोपलेली आहेत. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांच्याबरोबर भाजीला निघणं ही शिक्षाच होती. रस्त्यात कुणीतरी बाई थांबायची आणि आपलं दांडगं पोर पुढे ढकलायची. 'पाया पड आजींच्या, तुझं डोकं यांनीच गोल केलंय!' सासूबाई त्या पोराचा चेहरा न्याहाळायच्या आणि सगळ्यांसमोर म्हणायच्या, "डोकं झ्याक झालंय, पर नाक जरा बसकंच राह्यलं की रं."

मी नगरात एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. आमच्या धंद्यात माणसाचं तोंड मागाहून दिसतं, आधी हात दिसतो. त्यामुळे सासूबाईंचे हात थरथरायला लागले ते घरात सगळ्यांत आधी मला दिसलं. चहाची बशी वाजायची. सुईत दोरा ओवायला त्या मला हाक मारू लागल्या आणि दोष चष्म्याला देऊ लागल्या. हळूहळू बोलावणीही थांबली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. 'आता कशाला दगदग, आजी' असं गोड बोलून लोकांनी दुसऱ्या बाया लावल्या. त्यांनी घरात याचा विषय कधी काढला नाही, पण तेलाची पितळी वाटी मात्र त्या दर शनिवारी चिंचेनं घासून लख्ख ठेवायच्या.

अशात मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई नाही. वडील एकटे, त्यांना स्वतःचा भात लावता येत नाही. म्हणजे बाळंतपण सासरीच होणार हे ठरलेलं. बातमी कळली त्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "माज्या नातवंडाला दुसऱ्या कुनाचा हात लागनार न्हाई. मीच न्हाऊ घालनार." मी नुसती हसले. खोलीत आल्यावर नवऱ्याला म्हटलं, "ओलं, तेलकट मूल मी त्या हातांत देणार नाही. तू सांग त्यांना."

"मी? बायकांच्या कामात मी काय सांगू?"

"आई तुझी आहे."

"पोर तुझं आहे," तो म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. असा हा बाणेदार माणूस. महिने चालले, पोट वाढत गेलं आणि तेवढी एक गोष्ट सोडून आमच्या घरात सगळ्यावर चर्चा झाली.

उन्हाळा लागला तसा मला उकाडा सहन होईना. नवऱ्यानं गच्चीवर ठेवलेला कूलर खाली आणला आणि जुनं गवत काढायला बाजूची जाळी उघडली, तर तळाच्या कोरड्या टाकीत एक मांजराचं पिल्लू. माझ्या तळहाताहून लहान, पांढरं, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. सकाळीच एक करडी मांजर तोंडात पिल्लू धरून कठड्यावरून जाताना मी पाहिली होती. तिची वीण तिथलीच असणार. बाकीची तिनं हलवली होती, हे राहिलं होतं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, मी म्हटलं.

"मांजर सात घरं फिरवती पिल्लांला," सासूबाई म्हणाल्या. "इसरली न्हाई ती. यील न्यायला. जिन्यात ठिऊ."

बुटांच्या खोक्यात जुना टॉवेल घालून आम्ही ते जिन्यात ठेवलं. दुपार झाली तरी मांजर आली नाही. पिल्लू ओरडून ओरडून थकलं. त्याचा आवाज बारीक, पण घराच्या कुठल्याही कोपऱ्यात ऐकू यायचा, आणि माझ्या पोटातलं पोर त्या आवाजाला ढुशा देतंय असं मला उगाचच वाटायचं. सासूबाईंनी त्याला उचलून पाहिलं. "पिसवा बघ किती पळत्यात अंगावर! रगत पिऊन मारतील याला." मी म्हटलं, "राहू द्या, संध्याकाळपर्यंत वाट बघू." आणि कूलर लावून आडवी झाले. नवव्या महिन्यात झोप आली तर ती सोडून चालत नाही.

जाग आली ती वासानं. ओवा, वावडिंग, तिळाचं तेल. क्षणभर मला वाटलं माझं बाळंतपण होऊन गेलंय आणि मला कुणी सांगितलंच नाही. डोळे उघडले तर सासूबाई माझ्या कॉटशेजारी खाली बसलेल्या, आणि त्यांच्या ओंजळीत मऊ फडक्यात गुंडाळलेलं पिल्लू, फक्त तोंड बाहेर. कपाळावर काजळाची तीट!

"न्हाऊ घातलं," त्या म्हणाल्या. "तेल लावलं, पीठ लावलं, ऊन ऊन पान्यानं धुतलं. एक पिसू ठिवली न्हाई. धुरी दिली तसं गपगार झोपलं बघ."

त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. हात थरथरत होते, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. खरं सांगते, मला आधी हसू आलं, त्या तिटीचं. मग भडभडून आलं. मग एकदम लक्षात आलं की कूलरचा झोत सरळ त्या फडक्यावर येतोय. मी उठून बटण बंद केलं. पिल्लू गपगार होतं ते झोपेनं की कशानं, हे मी तेव्हाच बघायला हवं होतं, पण त्या चेहऱ्याकडे बघून माझ्याच्यानं विचारवेना.

दिवेलागणीच्या जरा आधी मांजर आली. आम्ही दोघी दार किलकिलं करून बघत होतो. सासूबाईंनी फडकं काढून पिल्लू पुन्हा खोक्यात ठेवलं होतं. मांजरीनं आत डोकं घातलं, हुंगलं, एकदम मागे सरकली. शिंकली. पुन्हा हुंगलं. पिल्लाचा वासच राहिला नव्हता. होता तो आमच्या न्हाणीघराचा.

"आगं घे की, तुजंच हाय," सासूबाई दारातून हळूच म्हणाल्या. "अशी काय करती? तुजंच हाय बाई ते."

मांजर थोडा वेळ पायरीवर बसली, आमच्याकडे पाहिलं, आणि कठड्यावरून निघून गेली. नंतर आली नाही. सासूबाई दार धरून उभ्याच राहिल्या. मी खोक्यातून पिल्लू उचललं तर ते गार होतं. अंगच नव्हे, तोंडात बोट घातलं तर तोंडसुद्धा आतून गार. लॅबमध्ये मी पुष्कळ गार हात धरले आहेत, पण असा गारठा माझ्या बोटाला कधी लागला नव्हता.

मी त्याला ब्लाउजच्या आत छातीशी धरलं, गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली आणि लॅबमधल्या मैत्रिणीकडून एका जनावरांच्या डॉक्टरचा नंबर घेतला. फोनवर त्यांनी भराभर सांगितलं. आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला पाजायचं नाही. गाईचं दूध चालत नाही, मांजरांच्या पिल्लांची पावडर मिळते ती आणा. आणि इतकं लहान पिल्लू आपलं आपण लघवीसुद्धा करत नाही, आई चाटते तेव्हा होते. कोमट पाण्यात कापूस बुडवून तुम्हाला पुसावं लागेल, दर वेळी.

तासाभरानं पिल्लानं तोंड हलवलं. मी माझ्या सामानातली बारीक सिरिंज, अर्थात सुई काढून, घेतली आणि तोवर मागवलेल्या पावडरीचं दूध थेंब थेंब पाजलं. मग कापसानं पुसलं. नवरा कामावरून आला तेव्हा मी हातात मोजे घालून त्या कापसाकडे आनंदानं बघत होते. तो म्हणाला, "लॅबमध्ये लोकांच्या लघवीच्या बाटल्या गोळा करून पोट भरलं नाही का तुझं?" त्या दिवसांत आमच्या घरात हसण्यासारखं तेवढंच झालं.

पुढचे दिवस सगळे त्या खोक्याभोवती गेले. दर दोन-तीन तासांनी ऊन पाणी, पावडर, सिरिंज, कापूस. माझी रजा सुरू झालेली होती, म्हणून जमलं. माझ्या डॉक्टरीणबाई रागावल्या. या दिवसांत मांजराची घाण हाताळतेस म्हणजे काय? शेजारच्या काकू म्हणाल्या, बाळंतिणीच्या घरात मांजर म्हणजे अवदसा, ते तान्ह्याच्या तोंडावर जाऊन बसतं. ही असली भाकितं एरवी सासूबाईंचीच. पण त्या गप्प होत्या. पाणी त्या तापवायच्या, सिरिंज उकळून द्यायच्या, दाराशी उभ्या राहून विचारायच्या, "प्यालं का?" पण पिल्लाला हात लावत नव्हत्या. एकदा मला कमरेत उसण भरली म्हणून मी म्हटलं, "आत्या, जरा धरा याला." त्यांनी हात पदराआड घेतले. "नगं. तूच बघ." मला तेव्हा चीड आली. घरात आणखी एक बाई असून सगळं मीच करायचं का, असं मी जरा मोठ्यानंच बोलले. त्या आत निघून गेल्या.

एका सकाळी पिल्लाचा एक डोळा किलकिला झाला. आत निळसर करडं काहीतरी चमकलं. मी ओरडलेच. सासूबाई धावत आल्या, वाकून बघितलं, आणि पहिल्यांदा त्यांचं एक बोट त्याच्या डोक्यापर्यंत आलं. तेवढ्यात पिल्लाला ठसका लागला. दूध नाकातून बाहेर आलं. श्वास घेताना त्याच्या फासळ्या आत ओढल्या जात होत्या, दम्याच्या माणसासारख्या. सासूबाईंनी बोट मागे घेतलं ते घेतलंच.

रिक्षा करून आम्ही दोघी त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. आत एकालाच सोडत होते, त्या बाहेर बाकावर बसल्या. डॉक्टरांनी छातीला नळी लावली. "छाती भरलीय. न्यूमोनिया. मध्ये कधी गारठलं होतं का हे?"

"आंघोळ घातली होती. आणि कूलर चालू होता."

"इतक्या लहान पिल्लाला पाणी लावायचं नसतं हो," ते म्हणाले. रागावले नाहीत. औषधाचे थेंब दिले. "आशा फार ठेवू नका. इतकी लहान पिल्लं आईवेगळी जगवणं अवघडच असतं."

बाहेर आले तर सासूबाई उठून उभ्या. "काय म्हनला डाक्टर?"

"मुळातच अशक्त होतं म्हणाले. म्हणूनच मांजरीनं मागे ठेवलं असेल."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मान हलवली. मला वाटलं, चला, निभावलं.

औषधाचा काही उपयोग झाला नाही. दुसरा डोळा उघडलाच नाही. एका दुपारी सिरिंज तोंडाशी नेली तर त्यानं जीभ काढली, एक थेंब घेतला, आणि बाकीचं दूध हनुवटीवरून माझ्या हातावर ओघळलं. मी तसंच धरून बसले. इतक्या दिवसांत एवढ्याशा जिवानं मला दुसरं काही सुचू दिलं नव्हतं, आणि आता काही करायचंच उरलं नाही हे डोक्यात शिरत नव्हतं. मी हुंदके देऊन रडले, एका मांजरासाठी, पोटावर हात ठेवून. सासूबाई आल्या. एका नजरेत त्यांना कळलं.

"दे इकडं. तू आत जा. पोटुशीनं बघू न्हाई."

मी खिडकीतून पाहिलंच. दोरीवर त्यांनीच शिवलेली बाळाची लंगोटं वाळत होती, त्या लंगोटांजवळून जाताना सासूबाईंनी पिल्लू धरलेला हात लांब केला, स्पर्श होऊ नये म्हणून. माझ्या नवऱ्याच्या जुन्या बनियनमध्ये त्याला गुंडाळलं आणि मागच्या शेवग्याखाली उलथन्यानं खड्डा करायला लागल्या. हात इतके थरथरत होते की माती खड्ड्यातच परत पडत होती. मी मदतीला जायला हवं होतं. पण त्यांनी जाऊ दिलं नसतं.

त्यानंतर त्या अशा बसू लागल्या की हात दिसूच नयेत. मांडीखाली, पदरात, उशीखाली. तेलाची वाटी घासायचा शनिवार आला आणि गेला. बाळ झालं, मुलगी झाली. दवाखान्यात सगळ्यांनी घेतलं, त्यांनी लांबूनच दोन्ही बाजूंनी बोटं मोडली. घरी आल्यावर पाचवी पुजली, पण पूजेनंतर तिला स्वतः न घेता माझ्याच मांडीवरून पाया पाडलं. मग एका संध्याकाळी त्या स्वतःहूनच म्हणाल्या, "न्हाऊ घालायला कोनतरी बाई बघा. माज्यानं आता व्हायचं न्हाई."

झालं. जे सांगायला मी नऊ महिने शब्द शोधत होते ते त्यांनीच सांगून टाकलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नवऱ्याला तर वाटलंच. "बघ, आपोआप मिटलं," तो म्हणाला. मला त्याचा संताप आला, आणि का आला ते त्याला समजावता येईना.

बाई काही मी लावली नाही. म्हटलं, मीच घालीन. सासूबाईंनी पाणी तापवून न्हाणीघरात आणून ठेवलं, पाट मांडला. पण बाळाला न्हाऊ घालायला पाटावर बसून पाय लांब करायचे असतात, आणि मला खाली बसताच येईना. टाके ओढले जात होते. मी भिंत धरून पुन्हा उठले. मूल खांद्यावर रडतंय, तेल लावलेलं, बुळबुळीत. माझेच हात थरथरायला लागले.

"आत्या," मी म्हटलं, "तुम्ही बसा."

"न्हाई."

"अहो, मला बसवत नाही!"

त्या दारातच उभ्या. मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "खरं सांग. त्या पिल्लाच्या डाक्टरनं काय सांगितलं हुतं?"

बाळ रडत होतं. पाणी निवत होतं. त्या दवाखान्याबाहेर मीही एकदा नवऱ्यासारखा टीव्हीचा आवाज वाढवून पाहिला होता, त्यानं काय झालं ते समोर उभं होतं.

"पाणी लागल्यानं छाती भरली, असं म्हणाले. आणि वर कूलर चालू होता. तो माझ्यासाठी."

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "तू झाकलंस, तवाच म्या वळखलं, की ही आपल्या हातात पोर देनार न्हाई."

"नव्हतेच देणार," मी म्हटलं. "पिल्लू यायच्या आधीपासूनच नव्हते देणार. तुमचे हात थरथरतात, आत्या. मला भीती वाटते."

हे तोंडातून गेलं आणि मला वाटलं आता ही बाई पाठ फिरवेल, आणि पुन्हा कधी माझ्याशी मनातलं बोलणार नाही. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी हात पदरातून बाहेर काढले, माझ्यासमोर धरले आणि आम्ही दोघींनी ते बघितले. दोन्ही बोटाबोटांतून थरथरत होते, लपवायचं आता काही उरलं नव्हतं.

मग त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोवलं, पाटावर बसल्या, भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब करून एकमेकांना जुळवले. न्हाणीघरातलं प्लास्टिकचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"हात थरथरत्यात. पाय न्हाई थरथरत," त्या म्हणाल्या. "ठिव तिला माज्या पायांवर. हात तुजं लाव. मी सांगते तसं कर."

मी स्टुलावर बसले आणि लेकीला त्यांच्या नडग्यांवर आडवी केली. ती पाय झाडत होती, तेलानं घसरत होती. तिच्याखालचे ते दोन म्हातारे पाय जरासुद्धा हलले नाहीत.